आषाढातली चूल



स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने जमणाऱ्या निधीचं काय करायचं, यावर आपल्या ग्रुपवर गेले काही महिने चर्चा चालू आहे. शाळेला संगणक द्यावेत, वाचनालयाला कपाटं द्यावीत, अशा सूचना आल्या. शाळेच्या आसपासच्या अडचणीतल्या काही घरांचा महिन्याचा किराणा आपण भरावा, अशीही एक सूचना आली. तिच्यावर दोन आक्षेप आले. पहिला, रेशनवर धान्य फुकट मिळतं, मग किराणा कशाला? दुसरा, असं दिलं की माणसांना सवय लागते.

दोन्ही आक्षेप मनापासून घेतलेले आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. ते शोधताना माझ्या लक्षात आलं, की आपल्या रत्नागिरीत गेल्या दीडशे वर्षांत गरिबाच्या घरचा डबा कसा भरला, त्याचे पैसे कोणी दिले आणि तो कधी रिकामा राहिला, याचा एक सलग इतिहास आहे. तो आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हता, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून गेलेला आहे. म्हणून या स्मरणिकेत तो थोडक्यात मांडते.

बेगमी

कोकणात पाऊस सुरू होण्याआधी दोन कामं उरकावीच लागत. कौलं परतून छप्पर नीट करणं हे एक आणि चार महिन्यांची बेगमी भरणं हे दुसरं. तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरची, मसाला, आमसुलं, गूळ, सुकट-बोंबील, काड्यापेट्या, रॉकेल आणि वाळलेली लाकडं. हे सगळं मे महिन्यात घरात आलं पाहिजे. कारण मृगानंतर समुद्र खवळला की बोटी बंद होत, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू होत. घाटात दरड कोसळली की बैलगाडी आणि पुढे मोटार तिथेच अडकून पडे. संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली ती १९९८ साली. त्याआधी पावसाळ्यातलं रत्नागिरी बरंचसं आपल्यापुरतंच असे.

आता याच चार महिन्यांचं दुसरं अंग पाहा. आपल्याकडे भात पेरायचा, लावायचा तो पावसात आणि कापायचा आश्विन-कार्तिकात. म्हणजे शेतात सगळ्यात जास्त राबायचे जे दिवस, तेच घरातलं जुनं धान्य संपत आल्याचे दिवस. जांभ्याच्या कातळावर पिकाऊ जमीन आधीच थोडी. खाचरात भात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत पडून समुद्राला मिळतो आणि दुसरं पीक सहसा निघत नाही. ज्याच्याकडे पैसा होता त्याने मे महिन्यात बेगमी भरली. ज्याच्याकडे नव्हता त्याच्या घरी आषाढ-श्रावणात एक वेळची पेज आणि रानातला टाकळा-भारंगी. आपण ज्या रानभाज्यांचे आता महोत्सव भरवतो, त्या कित्येक घरांत चवीसाठी नव्हे, दुसरं काही नव्हतं म्हणून शिजत.

खोताचा वाटा

जमीन थोडी होती आणि त्यातून आलेलं सगळं धान्य कसणाऱ्याचं नव्हतं. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही धरून, बहुतेक गावं खोतीची होती. भाताच्या पिकातला अर्धा वाटा खोताला द्यायचा, त्याला अर्धेल म्हणत. वरकस पिकातला तिसरा हिस्सा, तो तिर्धेल. शिवाय खोताच्या घरची वेठ. खळ्यावरून धान्य घरी येईपर्यंत कणगी अर्धी झालेली असे. त्यातून गेल्या पावसाळ्यात घेतलेलं धान्य वाढीसकट परत करायचं. होळीच्या आसपास कणगीचा तळ दिसू लागे आणि पुन्हा उधारी सुरू होई.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. खोती उठवणारा कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडावं लागलं. या साध्या हिशेबामुळेच मला ही गोष्ट इथे सांगावीशी वाटते. ज्याला आपण गरिबी म्हणतो ती त्या कुटुंबाच्या आळसातून आलेली नव्हती. धान्य पिकत होतं, ते दुसऱ्याच्या घरी जात होतं. 'सवय लागते' असं म्हणताना हे मनात असू द्यावं.

मनिऑर्डर

कणगी पुरत नव्हती म्हणून माणसं मुंबईला गेली. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी राहू लागली आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत कोकणातून जाणाऱ्यांची रीघ लागली. १८८१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्यांपैकी लाखाहून अधिक माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. त्या वेळी मुंबईची सगळी वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास. आपला जिल्हा मुंबईला माणसं पुरवत होता आणि मुंबई आपल्याला पैसे.

ते पैसे येण्याची सोयही त्याच सुमारास झाली. पोस्टाची मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली. गिरणीत पगार झाला की चाकरमानी फॉर्म भरून घेई आणि आठ-दहा दिवसांत गावच्या पडवीत पोस्टमन उभा राही. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहायला जागा असे. वाचता न येणाऱ्या आईला किंवा बायकोला त्या ओळी पोस्टमनच वाचून दाखवी, मग अंगठा घेई आणि पैसे मोजून देई. त्यातले फारच थोडे घरात राहत. बाकीचे तसेच वाण्याकडे जात.

वाण्याच्या दुकानातली लाल कापडी पुठ्ठ्याची वही आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात प्रत्येक घराचं एक पान. पाव किलो साखर, छटाक चहा, तेलाची एक पळी, असं लिहीत जायचं आणि मनिऑर्डर आली की वजा करायचं. हे खातं कशाच्या तारणावर चाले? तर मुंबईला एक माणूस कामाला आहे, एवढ्याच. जून ते सप्टेंबर पानावर उधारी चढत जाई, गणपतीला चाकरमानी आला की दुकानदाराकडे जाऊन बसे आणि हिशेब मिटवी. दुकानदार काही धर्मादाय करत नव्हता. भावात थोडं जास्त लावी, मापात थोडं कमी. पण आषाढात दार बंदही करत नव्हता.

आपल्या जिल्ह्याला पुढे 'मनिऑर्डरवर चालणारा' असं काहीसं कुत्सितपणे म्हटलं गेलं. पण या व्यवस्थेत एक गोष्ट नीट बसली होती. घरातल्या बाईला कोणापुढे हात पसरावा लागत नसे. तिच्या नावाने पैसे येत, तिच्या घराच्या नावाने खातं असे आणि काय आणायचं हे ती ठरवी. या महिन्यात तेल कमी आणि पोराला पाटी, असा निर्णय तिचा असे. शंभर वर्षांत लाखो घरांचा किराणा दुसऱ्याच्या मजुरीतून भरला गेला आणि त्याला कोणी भीक म्हटलं नाही.

वार लावणं

घरचं माणूस मुंबईला नसेल तर? तेव्हा समाजाकडे काही रिवाज होते. त्यातला सगळ्यात ओळखीचा म्हणजे वार लावून जेवणं. शिकायला गावातून शहरात आलेला गरीब मुलगा सात घरं धरायचा आणि सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भागवायचा. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातले कित्येक शिक्षक, वकील आणि लेखक असे वारांवर शिकले.

या रिवाजाची एक बाजू शहाणपणाची होती. कोणत्याही एका घरावर भार पडत नसे आणि दिवस ठरलेला असल्यामुळे मुलाला रोज नव्याने मागावं लागत नसे. त्या दिवशी तो येणार हे घर धरून चाले, तांदूळ मूठभर जास्त पडत. दुसरी बाजूही लपवायला नको. कुठे ताजं वाढलं जाई, कुठे उरलेलं. कुठे घरच्यांच्या पंगतीत बसवत, कुठे ओटीवर. आणि हे वार मुख्यतः ब्राह्मण मुलांना, ब्राह्मण घरांतून मिळत. कुळवाड्याच्या, भंडाऱ्याच्या, गाबिताच्या मुलाला बहुधा वार नव्हता. महाराच्या मुलाला तर उंबरठाही नव्हता. भुकेचा प्रश्न सगळ्यांचा आणि त्यावरची सोय काहींचीच, अशी ती व्यवस्था होती.

तो उंबरठा ओलांडण्याचे प्रयत्न याच शहरात झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात इथे सहभोजनं झाली, भागोजीशेठ कीर यांनी पैसा उभा करून १९३१ साली पतितपावन मंदिर बांधलं आणि १९३३ साली सर्व जातींना खुलं असलेलं उपहारगृह इथे निघालं. भागोजीशेठ स्वतः रत्नागिरीच्या गरीब भंडारी घरातून मुंबईला गेलेले. आज आपल्याला सगळ्यांनी एकत्र चहा पिणं हा कार्यक्रमाचा विषय वाटत नाही. तेव्हा त्यासाठी लोकांना बहिष्कार सोसावा लागला होता. कोणाच्या हातचं कोण खाणार हे ठरलेलं असताना कोणी कोणाचा किराणा भरणं शक्यच नव्हतं.

घाटावर साताऱ्याला याच वर्षांत कर्मवीर भाऊराव पाटलांनी दुसरा मार्ग काढला. रयत शिक्षण संस्था १९१९ साली स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं बोर्डिंग सुरू झालं. त्यांचा मुष्टिफंड प्रसिद्ध आहे. घरातल्या बाईने दळणाच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढायचं, गावातून ते गोळा व्हायचं आणि बोर्डिंगच्या कोठीत जायचं. देणारी बाई स्वतः गरीब असे, पण मूठ तिला जड नव्हती. आणि जेवणाऱ्या मुलाला आपण कोणाच्या मुठीतलं खातो हे माहीत नसे, त्यामुळे कोणाच्या ओटीवर बसण्याचा प्रश्नच येत नसे. कोठीत काही उरलं नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, हे आपण शाळेत ऐकलेलं आहे. शाळेत आपल्याला ती त्यागाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. आता वाचताना मला त्यात किराण्याची अडचणही दिसते. देणग्या येतात-जातात, मुलांना मात्र रोज दोन वेळा भूक लागते.

१९८२

पुन्हा मुंबईकडे येऊ. चाकरमानी गावाला पैसे पाठवत होता, पण त्याला स्वतःला कोण जेवू घालत होतं? गिरणगावातल्या एकेका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे वीस-तीस गडी होते आणि त्यांचं जेवण खानावळवाल्या बाया करत होत्या. त्यांतल्या बऱ्याच कोकणातल्याच. महिनाभर जेवू घालायचं आणि पगाराला पैसे घ्यायचे. म्हणजे तांदूळ-डाळ त्या बाईने वाण्याकडून उधार आणायची. १९७४ च्या सुरुवातीला गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला, तेव्हा या बायांनी कामगारांचं जेवण थांबवलं नाही आणि त्या स्वतः सावकाराच्या कर्जात गेल्या. यातूनच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. संपकऱ्यांच्या इतिहासात त्यांच्या ताटात पडलेल्या या उधारीची नोंद फारशी होत नाही.

आठ वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या वेळी बेचाळीस दिवसांत तो मिटला नाही. खरं म्हणजे तो रीतसर मिटलाच नाही. पहिले काही महिने मुंबईत ओढाताण करून कामगार गावाकडे परतू लागले. आणि गावात काय झालं? जे घर मनिऑर्डरीवर चालत होतं तिथे पैसे येणं थांबलं आणि खाणारं एक माणूस वाढलं. ते वर्षही पुढे आषाढाकडेच जात होतं. वाण्याची वही ज्या तारणावर चालत होती तेच तारण गेलं. काही दुकानदारांनी पानं चालू ठेवली, काहींनी मिटली. बायका आंब्याच्या बागेत, काजूच्या कारखान्यात, चिरेखाणीवर, कोलंबी सोलायला जाऊ लागल्या.

आपली तुकडी त्याच सुमारास पहिली-दुसरीत होती. वर्ष अर्ध्यावर असताना मुंबईची शाळा सोडून आपल्या गावांतल्या वर्गात येऊन बसलेली मुलं आपल्यात होती. त्यातले काही जण हे वाचत असतील आणि त्यांना हा भाग माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे. त्यांच्या फिया कोणी भरल्या, डब्यात रोज जादा पोळी कोणत्या बाई आणत, हे आपल्या शाळेतल्या काही गुरुजनांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मीही नावं लिहीत नाही. एवढंच म्हणते, की 'शाळेच्या आसपासच्या अडचणीतल्या घरांना मदत' ही आपल्या शाळेत नवी कल्पना नाही.

रेशन काय देतं

आता पहिल्या आक्षेपाकडे येते. मुंबईत रेशनिंग सुरू झालं १९४३ साली, युद्धाच्या टंचाईत. स्वातंत्र्यानंतर रास्तभाव दुकानं खेड्यापर्यंत पोचली. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. २००० च्या डिसेंबरात अतिगरिबांसाठी अंत्योदय योजना आली, तिच्यात आता घरटी महिना ३५ किलो धान्य मिळतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बाकीच्या पात्र घरांना माणशी ५ किलो मिळू लागलं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झालं. याचं महत्त्व कमी लेखू नये. होळीलाच कणगी रिकामी होणाऱ्या आपल्या जिल्ह्यात आषाढात घरात तांदूळ असणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती कायद्याने हक्क म्हणून मिळते.

पण रेशनवर मिळतो तो तांदूळ आणि गहू. डाळ, तेल, मीठ, साखर, चहा, मसाला, कांदा-बटाटा, साबण, वहीपेन आणि गॅसची टाकी हे सगळं बाहेरून आणायचं. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' म्हणून १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिलं. याचाच अर्थ सरकारलाही ठाऊक होतं की नुसत्या तांदळाने सण होत नाही. सणाचं जे खरं तेच रोजचंही. चार माणसांच्या घराला महिना २० किलो धान्य मिळालं तरी भातावर घालायला आमटी लागते आणि मुलाच्या अंगी ताकद येते ती आमटीतून.

दुसरं, काही घरं या यादीत नाहीतच. आंबाबागांची राखण करणारे आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून असणारे नेपाळी गडी, कर्नाटकातून आलेली बांधकाम मजुरांची कुटुंबं, नवऱ्याच्या घरच्या कार्डावर नाव राहिलेली आणि माहेरी परतलेली बाई. तिसरी गोष्ट आपल्या शाळेशी जोडलेली आहे. शाळेतला माध्यान्ह आहार आठवीपर्यंतच आहे. नववीत गेलेल्या मुलाची भूक वाढते आणि त्याच वर्षी शाळेतलं ताट बंद होतं.

आणि महिने अजून तेच आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, खलाशाला हातात पैसा नसतो. आंब्याचा हंगाम मेअखेर संपतो. चिरेखाणी आणि बांधकाम पावसात थांबतं. त्याच जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि गणवेश, वह्या, छत्री, रेनकोट यांचा खर्च येतो. रेल्वे आली, रस्ता चौपदरी होतो आहे, सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. तरीही रोजंदारीवरच्या घराचा आषाढ आपल्या आज्यांच्या आषाढासारखाच तंगीचा आहे.

किटचा काळ

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आपल्या भाषेत 'किट' हा शब्द घरोघरी गेला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आणि छपरं नेली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. या दोन वर्षांत मुंबई-पुण्याहून, घाटावरून, परदेशातून इतकी मदत आली की रस्त्यावर टेंपोंची रांग लागली. आपल्या ग्रुपनेही पैसे जमवले होते. ज्या घरात चिखल छातीपर्यंत होता आणि चूल पेटवायला कोरडी जागा नव्हती, तिथे ते किट म्हणजे जीव होता. त्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

पण किटचे हिशेब नंतर मांडायला हवे होते, ते फारसे कोणी मांडले नाहीत. रस्त्यालगतच्या वाडीला तीन-तीन किट मिळाली, वर डोंगरातल्या वाडीला एकही नाही. किट दहा-पंधरा दिवसांचं. सप्टेंबरात, जेव्हा उधारी खरोखर चढलेली असते, तेव्हा टेंपो थांबलेले होते. चिपळुणात पुराने ग्राहकांबरोबर दुकानदारही बुडाले होते. त्यांचा माल गेला, काहींच्या वह्याही गेल्या. त्यांच्या दारावरून बाहेरचा किराणा ट्रकने वाटला जात होता. ज्या दुकानावर पुढची वर्षं त्या घरांना उधार मिळणार होतं, तेच दुकान उभं राहायला मदत कमी मिळाली. आणि फोटो. पिशवी हातात धरून रांगेत उभ्या केलेल्या बाईचा फोटो. तिची मुलगी आपल्याच शाळेत असेल तर वर्गातल्या प्रत्येक मोबाइलवर तो पोचतो. मनिऑर्डर घेऊन येणाऱ्या पोस्टमनने कोणाचा फोटो काढला नव्हता.

आपण काय करू शकतो

एवढ्या इतिहासातून मला आपल्या निधीसाठी काही गोष्टी साध्या दिसतात.

महिने ठरवावेत: जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. मेळावा कधीही होवो, किराणा याच चार महिन्यांत द्यावा. वर्षातून एकदा मोठं वाटप करण्यापेक्षा हे बरं.

तांदूळ-गहू देऊ नयेत, जिथे शिधापत्रिका आहे तिथे तरी. डाळ, तेल, गूळ, अंडी, मसाला, साबण, यांसाठी पैसे लागतात. शिधापत्रिका नसेल तर ती काढून देण्यासाठी तहसील कार्यालयात खेपा घालणारं एखादं माणूस आपल्यातून मिळालं, तर ते चार महिन्यांच्या किराण्याहून मोठं काम होईल.

सामान आपण भरून नेऊ नये. वाडीतल्याच दुकानात त्या घराच्या नावाने खातं ठेवावं आणि ठरावीक रक्कम, समजा महिना दीड हजार रुपये, दुकानदाराला आपण थेट द्यावी. काय घ्यायचं ते घरातली बाई ठरवेल. दारू-तंबाखू लिहायची नाही एवढंच दुकानदाराला सांगावं. पैसे गावातच राहतात, बाई रांगेत उभी राहत नाही आणि शेजारणीला ती नेहमीसारखी सामान घेऊन जाताना दिसते.

घरं निवडायचं काम आपण मुंबई, पुणे किंवा न्यू जर्सीत बसून करू नये. शाळेतले वर्गशिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना कोणाच्या घरी काय चाललंय ते माहीत असतं. नववी-दहावीच्या मुलांच्या घरांपासून सुरुवात करावी आणि नावं त्या तिघांपलीकडे जाऊ नयेत. आपल्यालाही कळायची गरज नाही. आपल्याला दुकानाचं नाव आणि घराचा क्रमांक पुरेसा आहे. हिशेबाचं पत्रक मी ठेवीन, ते माझं रोजचंच काम आहे.

आणि देणाऱ्यांनी वार लावून घ्यावेत. चार महिन्यांचे एका घराचे सहा हजार होतात. दोघातिघांनी मिळून एक घर घेतलं तर कोणालाही जड नाही. पण एकदा घेतलं की किमान दोन पावसाळे सोडू नये, म्हणजे नववीत आलेलं मूल दहावी पार होईपर्यंत.

सवय लागेल का? ज्यांचे आजोबा गिरणीत होते त्यांच्या घरांना शंभर वर्षं मनिऑर्डरची सवय होती. जुनी कागदी मनिऑर्डर २०१५ साली पोस्टाने बंद केली. तोवर त्या घरांतली मुलं शिकली, नोकरीला लागली आणि बहुतेकांना तिची गरज उरली नव्हती. आपल्यातले कित्येक जण त्याच घरांतले आहेत. वाराने जेवलेला मुलगाही आयुष्यभर वाराने जेवला नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आपल्या दहावीच्या वर्गात या विषयावर बसायचं ठरलं आहे. दोन्ही आक्षेप घेणाऱ्यांनी तर यावंच. दुकानदारांशी बोलणं मेच्या पहिल्या आठवड्यात झालं पाहिजे, म्हणजे मृगाच्या आधी खाती सुरू होतील.